निकोबारच्या नाल्यावर

निकोबारचं पोस्टिंग निघालं तेव्हा आमच्या सेक्शनमधल्या निम्म्या जवानांनी समुद्र पाहिलेला नव्हता. मी कवठे महांकाळचा, हवालदार, रेडिओ सेट माझ्याकडे. नाईक तानाजी म्हसवडजवळच्या वाडीचा. लान्सनाईक दिलीप सांगलीकडचा, कृष्णाकाठचा; पोहण्यात आणि बढाया मारण्यात सारखाच पटाईत.

काम सोपं होतं. लाँचने पश्चिम किनाऱ्याला धरून दक्षिणेकडे जायचं, ठरलेल्या जागी रबरी बोटीने उतरायचं, चोरट्या मासेमारीच्या खुणा शोधायच्या आणि पुढे निघायचं. किनाऱ्यावर माणूस नाही, वाट नाही. जंगल थेट पाण्यापर्यंत आलेलं. सुरुवातीला आम्ही नुसते ओकलो. पिण्याचं पाणी बेताचं, आंघोळ खाऱ्या पाण्याची. अंगावर मीठ धरलं होतं.

तानाजी म्हणायचा, "आमच्याकडं पाणी न्हाई म्हणून आंघूळ न्हाई. हितं पाणीच पाणी, तरी बी न्हाई. नशीब संगं आलंय गड्या."

तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही उतरलो तिथे जंगलातून एक नाला समुद्राला मिळत होता. पाणी गोडं, नितळ. आमचे सुभेदारसाहेब हरियाणाचे. जंगलात शिरण्याआधी त्यांनी बजावलं, "नाले में कोई पैर नहीं डालेगा। मगर है।" मग ते चौघांना घेऊन आत गेले. मी वाळूवर अँटेना उभी करू लागलो.

तानाजी नाल्याकडे बघत उभा होता. दिलीप हसला.

"मगरीला काय भ्यायचं? आमी रोज बघतोय. उन्हाला पडल्याली असती. दगूड मारला की पळती."

"खरं रं?"

"कृष्णेत वाढलोय मी. कर आंघूळ बिनघोर."

कृष्णेतल्या मगरींनीही माणसं ओढली आहेत, ते तो सोयीने विसरला. आणि ही खाऱ्या पाण्यातली मगर, जातच निराळी. त्याने पाण्यात पाच-सहा दगड टाकले. काही हललं नाही.

मी ओरडलो, "तानाजी, ऑर्डर हाय!"

"आलोच, हवालदार. अंगावरचं मीठ तेवढं घालिवतो."

तो गुडघाभर पाण्यात उतरला. जेवणाचं मेसटिन भरून डोक्यावर ओतलं, पुन्हा भरलं. डोळे मिटलेले होते, तोंडावर हसू होतं. तेवढ्यात त्याच्या मागचं पाणी फुटलं. त्याला ओरडायलाही मिळालं नाही. दिलीपने मॅगझीन रिकामं केलं, पण गोळ्या कशावर झाडतोय हे त्यालाच दिसत नव्हतं. पाणी गढूळ झालं, मग लाल झालं.

गोळीबार ऐकून सुभेदारसाहेब धावत आले. आम्ही काठ धरून शोधत राहिलो. थोड्या वेळाने सेटवर लाँच बोलली.

"ओहोटी लागली. खडक उघडे पडतायत. बोट काढा. ओव्हर."

"एक जवान बेपत्ता. शोध चालू. ओव्हर."

"सगळेच अडकाल. परत या. ओव्हर."

सुभेदारसाहेबांनी सेट माझ्या हातातून घेतला, "रॉजर" म्हणाले आणि परत दिला. दिलीप निघेना. त्याला दोघांनी फरफटत बोटीत घातलं.

दुसऱ्या दिवशी जास्त माणसं घेऊन गेलो. गुडघ्याखालचा एक पाय मिळाला.

तानाजीची शवपेटी घेऊन त्याच्या वाडीवर जाणाऱ्यांत मी होतो आणि दिलीपही. पेटी उघडायची नाही, अशी ऑर्डर होती. खांदा दिलेल्यांना वजनावरून काय समजायचं ते समजलं. बंदुकांची सलामी झाली, माणसं पांगली. मग तानाजीच्या आईने आम्हाला घरी बोलावलं.

"काय करत हुता त्यो?" तिने विचारलं.

मी दिलीपकडे पाहिलं. हे दिलीपनेच सांगावं, असं मला वाटत होतं. मला त्याचा राग होता, आजही आहे. दिलीपने सगळं सांगितलं. दगड टाकले, बिनघोर जा म्हणालो, इथपर्यंत.

म्हातारीने ऐकून घेतलं. शिवी दिली नाही, हात उगारला नाही.

"पानी गोडं हुतं का?"

"व्हय, आई. लय गोडं," दिलीप म्हणाला.

"मग प्याला आसंल प्वाटभर."

दिलीप तिथेच उंबऱ्यात बसला आणि ऊर फुटेस्तोवर रडला. त्याला उठवायला आमच्यातलं कोणीही पुढे झालं नाही.