वेशीपाशी उतरायचं

राकेश दोंदेला कुठल्याही प्रश्नाची दोन्ही उत्तरं पटतात. याला गुण म्हणावं तर संसारात त्याचा उपयोग शून्य, आणि अवगुण म्हणावं तर त्यापायी बिचाऱ्याने आजवर कोणाचं वाईट केलेलं नाही. देवळाली कॅम्पातल्या एका कॉलेजच्या ऑफिसात तो क्लार्क आहे. फी भरायची खिडकी सकाळी उघडावी असं एक जण म्हणतो, त्याला ते पटतं. दुपारी उघडावी असं दुसरा म्हणतो, तेही पटतं. मिसळ तिखट की मध्यम एवढं विचारलं तरी हा इतका विचार करतो की वेटर शेजारच्या टेबलाची ऑर्डर घेऊन परत येतो. त्याची बायको संजना आता त्याला विचारतच नाही, सरळ मध्यम सांगून मोकळी होते.

असला माणूस दर रविवारी घोडीवर बसतो. घोडीचं नाव मैना. कॅम्पातल्या एका बँडवाल्याकडे तिने जन्मभर नवरदेव वाहिले. वय झालं, नाचेनाशी झाली, तेव्हा राकेशचा मित्र महेश तिला भगूरकडच्या आपल्या मळ्यात घेऊन आला आणि म्हणाला, "ही घे, आजपासून तुझी." दाणावैरण महेशच्या मळ्यातली. त्या बदल्यात महेशचे सातबारा, जीएसटी आणि द्राक्षांच्या पेट्यांची बिलं, ही सगळी कटकट राकेशकडे. या सौद्यात आपलाच फायदा झाला असं दोघांनाही वाटतं, म्हणून मैत्री टिकून आहे.

तिसरी हर्षाली. ती कॅम्पात रक्त तपासायची लॅब चालवते. आठवडाभर लोकांच्या दंडात सुया टोचते आणि रविवारी सारंगखेड्याहून आणलेल्या बादशहा नावाच्या उंच घोड्यावर बसते. महेशच्या घोड्याचं नाव तुफान असलं तरी ऊस दिसला की तो जागचा हलत नाही. सकाळी तिघे मळ्यातून निघतात, दारणेच्या पाटाकडेने पाच-सात मैल फिरतात, कुठेतरी चहा-भजी खातात आणि ऊन चढायच्या आत परततात. असं दोन वर्षं सुखात चाललं होतं.

त्यात महेशने घोळ घातला. त्याचे मामा पुंजा नाना निंबळगावात राहतात आणि राकेशचे वडील भिकन अण्णाही निवृत्त झाल्यावर कॅम्प सोडून त्याच गावातल्या आपल्या घरी राहायला गेले होते. महेश म्हणाला, "राक्या, पुढच्या रविवारी निंबळगाव. मामांकडे नाश्ता, तुझ्या अण्णांकडे चहा. ठरलं." हर्षाली लगेच हो म्हणाली. राकेशही हो म्हणाला आणि त्याच क्षणापासून त्याची झोप उडाली.

लहानपणापासून एक गोष्ट तो ऐकत आला होता. निंबळगावात घोड्यावरून वेशीतून आत जायचं नाही, वेशीपाशी उतरायचं. अण्णांचं लग्न झालं तेव्हा ते घोडीवरून वेशीपर्यंत आले, खाली उतरले, आणि पुढे सगळं गाव पायी ओलांडून दुसऱ्या टोकाच्या सिद्धार्थनगरात घरी गेले. मागे बैलगाडीत राकेशची आई बसलेली होती. घरातल्या सगळ्यांना हे ठाऊक होतं आणि कोणी त्यावर फार बोलत नसे. राकेशचं स्वतःचं लग्न कॅम्पातल्या हॉलमध्ये झालं, त्यामुळे त्याच्यावर कधी ती वेळ आली नव्हती.

त्याने अण्णांना फोन केला. "अण्णा, रविवारी घोडीवर येतोय. वेशीपाशी उतरायचं का?"

"उतर की. मारुती हाय तिथं. मारुतीचा मान हाय तो. सगळेच उतरतात."

हे ऐकून राकेशला बरं वाटलं. सगळेच उतरत असतील तर अडचण कसली? पण मग त्याने नाशिकरोडला राहणाऱ्या धोंडाबाई आत्यालाही फोन केला. खरं तर करायला नको होता.

"सगळे कुठले रे," आत्या म्हणाली. "आपल्यालाच होतं ते. मारुतीचं नाव पुढं करायचं फक्त."

आता आली पंचाईत. मारुतीचा मान असेल तर न उतरणं हा माज. आपल्यापुरताच नियम असेल तर उतरणं ही लाज, आणि तीही आजोबांच्या आधीपासून चालत आलेली, आपण मुकाट्याने पुढे चालवलेली. एकच वेस, एकच घोडी, एकच उतरणं, आणि त्याला हे दोन्ही अर्थ. शिवाय आपण घोडीवरून मिरवून दुपारी कॅम्पात परत येणार, पण अण्णांना सोमवारी त्याच लोकांबरोबर पिठाच्या गिरणीवर उभं राहायचंय. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. संजनाला सांगितलं तर ती म्हणाली, "तुम्हाला काय वाटतं?" त्याला दोन्ही वाटत होतं.

रविवारी पाटाच्या रस्त्याने जाताना न राहवून त्याने महेशला विचारलं, "तुझ्या मामांच्या गावात वेशीत घोड्यावरून उतरायची काही पद्धत आहे का रे?"

"नाय बुवा. मी तर कधी ऐकलं नाही," महेश म्हणाला. मग जरा विचार करून म्हणाला, "पण मी तिथे घोड्यावर गेलोय कधी? आम्ही आपले गाडीने जातो."

"उतरायचं कशाला पण?" हर्षालीने विचारलं.

आता दोन वर्षं बरोबर फिरणाऱ्या या मित्रांना काय सांगायचं आणि कुठून सुरुवात करायची, हे राकेशला सुचेना. "मारुती आहे तिथे," तो म्हणाला.

"मग आपण तिघंही उतरू. त्यात काय एवढं?"

हर्षालीने किती सहज सोडवलं सगळं. पण राकेशला त्यात नवीच अडचण दिसली. हे दोघं उतरले तर ते नमस्काराला उतरतील आणि आपण उतरलो तर कशाला उतरू? "नको नको," तो घाईघाईने म्हणाला, "तशी काही गरज नाही." हर्षालीने महेशकडे पाहिलं, महेशने खांदे उडवले. इतक्या जणांना विचारून राकेशच्या हातात एक ना धड भाराभर चिंध्या आल्या होत्या.

निंबळगावची वेस म्हणजे आता दोन दगडी बुरूज तेवढे उरलेत, वरची कमान केव्हाच पडली. आत शिरताना उजव्या हाताला मारुतीचं देऊळ आणि त्याच्यापुढे कडुनिंबाचा पार. पारावर चार-सहा म्हातारी माणसं बसली होती, त्यांतच पाहुण्यांची वाट बघत पुंजा नानाही होते. महेश तुफानवरून सरळ आत गेला, मामांना हात करून म्हणाला, "घरी चला, भूक लागलीय." मागोमाग हर्षालीही गेली. पारावरच्या माणसांनी बादशहाच्या पायांकडे पाहिलं, त्याच्या उंचीबद्दल काहीतरी बोलले, आणि झालं. कोणी भुवई उडवली नाही की तोंड वाकडं केलं नाही.

राकेश मागे रेंगाळला होता. बुरूज दहा हातांवर आले तेव्हा त्याने ठरवलं, उतरायचं नाही. त्याच्या आयुष्यात दुसरी बाजू न बघता घेतलेला हा बहुधा पहिलाच निर्णय असावा. पाठ ताठ करून त्याने मैनाला टाच दिली.

मैना चालू लागली. वेशीतून आत आली, उजवीकडे वळली, मारुतीच्या दारासमोर जाऊन उभी राहिली, आणि काही केल्या हलेना.

राकेशने टाच मारली, लगाम सैल सोडला, मान थोपटली. मैनाने डोळे अर्धवट मिटून घेतले. मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. वरातीत नवरदेवाला आधी मारुतीला नेतात. नवरदेव उतरतो, दर्शन घेतो, पुन्हा वर बसतो, मगच बँड वाजतो आणि घोडी पुढे निघते. मैनाने जन्मभर हेच केलं होतं. वरचा माणूस उतरल्याशिवाय मारुतीपुढून हलायचं नाही, हे तिला कोणी पुन्हा शिकवायची गरज नव्हती. पाटाच्या रस्त्याला मारुती नाही, म्हणून दोन वर्षांत हे कधी कळलंच नव्हतं.

राकेशला रडावं की हसावं कळेना. गावाने नाही, आत्याने नाही, अण्णांनीही नाही, घोडीनेच त्याला वेशीत धरून ठेवलं होतं. आता उतरलो तर लोकांना काय वाटेल? घोडीसाठी उतरला, मारुतीसाठी उतरला, की पूर्वी उतरायचे तसा उतरला? आणि आपल्याला तरी काय वाटेल?

"उतरा खाली, त्याबिगर नाय हालायची ती," पारावरून पुंजा नाना म्हणाले. "वरातीची दिसती."

"नाना," राकेशने धीर करून विचारलं, "इथे उतरायची पद्धत आहे का?"

नानांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी पुन्हा घातली. "पद्धत म्हणजे, कोणी उतरतं, कोणी नाय. आता कोण बघतंय?"

"आणि पूर्वी?"

"पूर्वीचं कशाला काढायचं," शेजारचा म्हातारा जमिनीकडे बघत म्हणाला. म्हणजे होती की नव्हती, हे काही राकेशला समजलं नाही. तो तसाच घोडीवर बसून राहिला.

तेवढ्यात गल्लीतून भिकन अण्णा आले. महेश आणि हर्षाली दोघंच पुढे आलेली पाहून ते मुलाला शोधत निघाले असावेत. इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेला, दाढी केलेली. मारुतीसमोर अडकलेली घोडी, तिच्यावर घामाघूम झालेला मुलगा आणि पारावरची माणसं, हे सगळं त्यांनी एकदा पाहिलं आणि मग ते मैनाच्या लगामाशी येऊन उभे राहिले.

"उतर," ते म्हणाले.

राकेशने आयुष्यात त्यांना कधी उलट उत्तर दिलं नव्हतं. "नाही उतरणार, अण्णा."

"अरे उतर. मला बसायचंय."

राकेश बघतच राहिला. मग उतरला. अण्णांचे गुडघे केव्हाच कामातून गेलेले, त्यामुळे ते आधी पारावर चढले. खोगीर कलायला लागलं तशी पलीकडून पुंजा नानांनी उठून रिकीब दाबून धरली. "पाय नीट घाल रे भिकन," ते म्हणाले. नानांनी हे का केलं, खोगीर कलत होतं म्हणून की आणखी कशासाठी, यावर राकेश अजूनही विचार करतो आणि अजूनही त्याचं ठरत नाही.

अण्णा बसले. मैनाच्या हिशेबी कोणीतरी उतरलं होतं आणि कोणीतरी चढलं होतं, तेवढं तिला पुरे होतं. ती निघाली. राकेश लगाम धरून पुढे चालत होता. दारात उभ्या बायांनी पाहिलं, किराणा दुकानदाराने पाहिलं, एकाने "अण्णा, जोरात" असं म्हटलं, बाकी कोणी काही बोललं नाही.

गल्ली अर्धी झाली तेव्हा राकेशने विचारलं, "अण्णा, खरं सांगा. सगळ्यांना होती का ही पद्धत, की आपल्यालाच?"

"पद्धत नव्हतीच," अण्णा म्हणाले.

राकेशचे पाय थांबले, घोडीही थांबली.

"म्हंजी आमच्या बापाच्या टायमाला असंल. माझ्या वरातीच्या वक्ताला माणसं बसली होती पारावर, आत्ता बसली तशीच. कोणी काय बोललं नाय. मीच उतरलो."

"कोणी म्हणालं नाही, तरी?"

"म्हणायच्या आधी उतरलो. तुझी आई मागं गाडीत बसलेली. नवी नवरी. तिच्या देखत कोणी म्हणलं असतं, तर?" अण्णांनी मैनाची आयाळ सारखी केली. "मग लोकं विचारायला लागली, का उतरला. म्हणलं, मारुतीचा मान. धोंडीला, तुझ्या आत्याला, खरं काय ते दिसलं असंल, ती तिचं सांगत राहिली."

"आणि नसता उतरलात तर काय झालं असतं?"

"तेच तर कळलं नाय रे आजपातुर."

राकेशच्या मनातला सगळा हिशेब उलटा झाला. इतकी वर्षं आपण गावावर चिडलो, मारुतीवर चिडलो, आणि अण्णांवरही मनातल्या मनात चिडलो. आता कोणावर चिडायचं? त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्याने बाहीने पुसलं आणि पुन्हा चालायला लागला. सिद्धार्थनगरची कमान मागे पडली, मग अण्णांचं निळं दार आलं. त्याने घोडी दारापाशी वळवली.

"अण्णा, घर आलं."

"दिसतंय मला. चाल पुढं."

"पुढे कुठे? पुढे नुसती शेतं आहेत."

"असू दे शेतं," भिकन अण्णा घोडीवरून म्हणाले. "आज मी म्हणीन तवा उतरीन."