हॅटीच्या हातचं घड्याळ

अलायडा व्ह्रेडेवेल्ड घड्याळ विकत घ्यायला उभी राहिली की आधी ते पालथं करायची. बाकीचे संग्राहक तबकडीवर डोळे रोवून रंग मूळचा आहे का, काटे बदललेत का, रचनाकार कोण, याची चौकशी करत असायचे आणि ही बाई चष्मा कपाळावर सरकवून त्याची पाठ न्याहाळत बसायची. घड्याळसंग्राहकांच्या मंडळातल्या पुरुषांनी तिला 'पाठबाई' म्हणायला सुरुवात केली होती. ते तिच्या कानावर गेलं तेव्हा ती म्हणाली, बरं आहे, निदान तोंडबाई तरी नाही म्हणत.

मिशिगनमधल्या वेस्टरवीन गावात, घड्याळांच्या कारखान्यात, ती १९५५ ते १९६६ अशी अकरा वर्षं रंगाच्या बाकावर होती. न्यूयॉर्कहून एका नामांकित रचनाकाराची रेखाटनं यायची. पितळी डोळ्याभोवती बारा लाकडी पाकळ्या, किंवा चहाच्या बशीवर उमटलेला सूर्य, असं काहीतरी. त्या कागदांची भिंतीवरची घड्याळं व्हायची ती सात बायकांच्या आणि दोन सुतारांच्या हातून. गर्टी पहिलाच हात जाड द्यायची. हॅटी बोअर्स्मा ब्रश उचलताना मनगटाला एक झटका द्यायची, आणि पाकळीच्या मागे, टोकाशी, उजवीकडे वळलेली स्वल्पविरामाएवढी रेघ उठायची. मुकादम पहिल्यांदा ओरडला, मग पाठ कोण बघतंय म्हणून त्याने सोडून दिलं.

अलायडा बघत होती. तीस वर्षांत तिने एक्केचाळीस घड्याळं जमवली. कुणाच्या गॅरेजमधून, चर्चच्या जुन्या सामानाच्या विक्रीतून, एक तर पाडायला काढलेल्या मोटेलच्या भिंतीवरून. बंद पडलेलं विजेवरचं यंत्र ती दोन दिवस उलटं ठेवायची. आत थिजलेलं तेल जागेवर आलं की ते पुन्हा गुणगुणायला लागायचं. नवरा हेन्री जिवंत होता तोवर म्हणायचा, मी मधमाश्यांच्या पोळ्यात झोपतो.

२०११च्या मार्चमध्ये हॅटी गेली. स्थानिक वर्तमानपत्रात चार बोटं मजकूर आला. नवरा, सहा मुलं, चर्चच्या स्वयंपाकघरात चाळीस वर्षं भाजलेले ॲपल-पाय, आणि 'गृहिणी'. कारखान्याचं अक्षरसुद्धा नव्हतं. अलायडाने तिच्या थोरल्या मुलाला फोन केला. तो भला माणूस, गोंधळला. आई लग्नाआधी थोडे दिवस तिथे होती ना, म्हणाला. अलायडाने फोन ठेवला आणि त्या दिवशी जेवली नाही. थोडे दिवस! तिसरं मूल पोटात असतानाही हॅटी रंगाच्या वासाने ओकून येऊन पुन्हा ब्रश धरायची.

ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी जत्रेच्या मैदानावरच्या सभागृहात मंडळाचा वार्षिक घड्याळबाजार भरतो. रीतीप्रमाणे सगळी टेबलं पांढऱ्या चादरींखाली झाकलेली असतात आणि दहाची शिटी वाजेपर्यंत कुणी चादरीला बोट लावत नाही. एका भिंतीवर स्पर्धेची घड्याळं लागतात. प्रत्येकाखाली छापील कार्ड असतं, त्यावर नमुना, साल, रचनाकार, कारखाना. अलायडाने त्या वर्षी नऊ घड्याळं लावली. बारा पाकळ्यांच्या नारिंगी घड्याळाच्या कार्डावर चारही ओळी नीट भरल्या आणि खाली निळ्या शाईने पाचवी ओळ लिहिली. 'घडवणारी: हॅटी बोअर्स्मा, रंगाचा बाक.'

दहाला वीस मिनिटं कमी असताना लॉइड आला. लॉइड तिचा धाकटा दीर आणि मंडळाचा अध्यक्ष. त्याच्यामागे शिकागोहून आलेले परीक्षक, प्रुइट नावाचे, हातात कोरं कार्ड घेऊन उभे होते.

"वहिनी, हे काय नवीन काढलंत?"

"नवीन कुठे? चोपन्न वर्षं जुनं आहे."

लॉइडने आवाज खाली आणला. प्रुइटसाहेबांनी घड्याळ पाहिलंय, बाराही पाकळ्या मूळ रंगात असलेलं दुसरं त्यांनी बघितलेलं नाही, पहिल्या क्रमांकाची निळी फीत तुमचीच आहे, फक्त कार्ड नियमाप्रमाणे लिहून द्या. अलायडा सहा वर्षं या भिंतीवर घड्याळं लावत होती आणि सहाही वर्षं दुसरी आली होती. ती फीत तिला हवी होती. घरी हेन्रीच्या फोटोशेजारी तिने जागासुद्धा बघून ठेवली होती.

प्रुइटनी सौम्यपणे विचारलं, या नावाला पुरावा काय? कारखान्याचा एखादा कागद?

"कागद करणाऱ्यांनी आमची नावं कधी विचारली नाहीत," अलायडा म्हणाली. "पाठ बघा. तो झटका तिचा आहे. मी अकरा वर्षं तिच्या शेजारी बसले."

"ही आठवण झाली. आठवणीला आम्ही पुरावा म्हणत नाही."

"आणि वर ज्यांचं नाव आहे त्यांनी या घड्याळाला कधी हात लावला होता?"

"कल्पना त्यांची होती, बाई."

"म्हणून तर त्यांचं नाव खोडलं नाही मी. त्यांच्या खाली जागा होती, तिथे लिहिलं."

लॉइडचे कान लाल झाले. तो म्हणाला, असं चालू दिलं तर उद्या जो तो आपल्या आजीचं नाव लिहील. अलायडा म्हणाली, आजीने केलं असेल तर लिहू दे की. मग त्याने ठेवणीतलं काढलं. कार्ड बदललं नाही तर घड्याळ स्पर्धेतून बाद, आणि कार्ड तो स्वतः काढून टाकेल.

"बाद कर. कार्डाला हात लावलास तर नऊच्या नऊ घेऊन जाईन, आणि भिंत का रिकामी ते दारात उभी राहून सांगेन. तुझा भाऊ असता तर त्याने मला खुर्ची आणून दिली असती."

खुर्ची तिने स्वतःच आणली, सूपवाल्या टेबलाकडची घडीची. ती कार्डाखाली मांडून बसली, पर्स मांडीवर. दहाची शिटी झाली, चादरी निघाल्या, माणसांचा लोंढा आत आला. लॉइड दोनदा समोरून गेला आणि दोन्ही वेळा छताकडे बघत गेला. दुपारी कुणीतरी तिला वाटाण्याचं सूप आणून दिलं, तेही तिने तिथेच बसून प्यायलं. बाथरूमला मात्र ती गेली नाही.

लोक थांबत, वाचत. हॅटी बोअर्स्मा कोण, असं विचारत. अलायडा घड्याळ खाली काढून पालथं करी आणि बोटाने ती रेघ दाखवी. एका तरुण मुलीने रेघेवरून नख फिरवलं आणि स्वतःच्या मनगटाला तसाच झटका देऊन बघितला.

तीन वाजता निळी फीत पलीकडच्या भिंतीवरच्या एका जर्मन घड्याळाला लागली. टाळ्या झाल्या. अलायडानेही वाजवल्या, घड्याळ चांगलंच होतं. मग तिने पर्समधून पेन काढलं आणि उरलेली आठ कार्डं एकेक करून खाली उतरवली.

लॉइड धावत आला. "आता काय, वहिनी?"

"हॅटी एकटी नव्हती," ती म्हणाली आणि लिहीत राहिली. गर्टी ड्यूमेज. विनी स्टेकेटी. एकावर तिने स्वतःचं नाव घातलं, जरा लहान अक्षरात. लॉइड हात पाठीशी बांधून वाचत उभा होता. स्टेकेटी त्याची शाळेतली बाई होती. शिकवायच्या आधी ती रंगाच्या बाकावर होती हे त्याला ठाऊक नव्हतं.

शेवटच्या, काळ्या सूर्याच्या कार्डापाशी अलायडा अडली. हे घड्याळ तिच्या आधीच्या काळातलं होतं. तिने ते पुन्हा उलटं केलं, खिडकीच्या उजेडात धरलं. ब्रश डावीकडे उचललेला होता, बाराही किरणांच्या मागे.

तिने लिहिलं, 'घडवणारी: नाव ठाऊक नाही. डावखुरी होती.'

आणि कार्ड जागेवर लावलं.