सरांनी दाखवलेलं पठाणकोट

शेख सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी मेहकरच्या स्टँडवर डोणगावच्या गाडीची वाट पाहत उभा होतो. निघालो होतो सरांनाच भेटायला, पिशवीत त्यांच्यासाठी सफरचंदं होती. भरल्या घरात, पिकल्या वयात, झोपेत गेले. रडू आलं, पण तक्रार कशाची करणार? सफरचंदं त्यांच्या नातवंडांनी खाल्ली.

सर आम्हाला भूगोल शिकवत. एकाहत्तरच्या लढाईनंतर त्यांनी शाळेत एक रिवाज पाडला. फौजेतून सुट्टीवर आलेल्या माजी विद्यार्थ्यानं एक तास घ्यायचा. भिंतीवरच्या नकाशात आपण होतो तिथं बोट ठेवायचं आणि बोलायचं. "गोळ्या-बंदुकीचं नको सांगू बे, तिथं लोकं खातात काय, पिकते काय, थे सांग." पोरांना लढाईची गोडी लागू नये म्हणून हा बंदोबस्त! आणि मी पठ्ठ्या भरती झालो तो झाडाला लागलेलं सफरचंद पाहायला. सरांनी कपाळावर हात मारला होता.

कारगिलच्या वेळी आमच्या शाळेचे आम्ही सात जण वर डोंगरात होतो. पत्रात ठिकाण लिहायची मुभा नव्हती. आईला लिहिता-वाचता येत नव्हतं, ती थेट शाळेत गेली. "सर, माहा पोरगा कुठी हाये?" सरांना तरी काय माहीत? पण त्यांनी तिचं बोट पठाणकोटवर टेकवलं. "इथं हाये, माय. लढाई लय दूर हाये. इथून गाडीत बसला का भुसावळ." मग आई रोज शाळेत जाऊन तिथं बोट ठेवायची, आणि घरी येऊन जेवायची.

आम्ही सातही जण परतलो. माझ्या तासाला आई मागच्या बाकावर येऊन बसली, सर हातातला खडू चोळत उभे... खरी जागा दाखवली तर सर खोटे पडणार आणि आईची झोप उडणार. मी पठाणकोटवर बोट ठेवलं आणि रेल्वेच्या खिडकीतून पाहिलेल्या त्या गावाबद्दल अर्धा तास बोललो. सर इतके मन लावून ऐकत होते की मलाच ते खरं वाटायला लागलं.

परवा शाळेत गेलो. नकाशा अजून तिथंच आहे. कारगिलचा रंग जसाच्या तसा. पठाणकोटवर मात्र कागद झिजून भिंत दिसते. मीही बोट ठेवून पाहिलं. एकट्या माझ्या आईच्या बोटानं एवढा कागद झिजत नाही.