पेट्रोलचा कॉक आणि देवीचा नारळ

भाद्रपदातल्या एका मंगळवारी सकाळी माझे यजमान पडवीत गाडी पुसत होते. मी चहा घेऊन बाहेर आले, तेव्हा ते गेले होते.

माणूस जातो त्या जागी आमच्याकडे दिवा ठेवतात आणि दहा दिवस तो विझू देत नाहीत. म्हणून दिवा पडवीतच ठेवला, गाडीच्या शेजारी. गाडी म्हणजे माझ्या सासऱ्यांनी मुंबईच्या गोदीत नोकरीला असताना घेतलेली, इंग्लंडात बनलेली जुनी मोटरसायकल. दुसऱ्या दिवशी माझे धाकटे दीर हळूच म्हणाले, "वहिनी, टाकीत पेट्रोल आहे आणि हा दिवा इथंच जळणार. कुणाचा धक्का लागला तर?" गाडी बाहेर नेऊन ठेवता आली असती. पण घरातून त्यांचं आणखी काही बाहेर काढावं, असं त्या दिवशी कुणालाच वाटलं नाही. दीरांनी टाकीतलं पेट्रोल काढून टाकलं. दिवा दहा दिवस जळला. टाकी वर्षभर कोरडी राहिली.

त्या वर्षात मी देवपूजा सोडली नाही. फुलं वाहत होते, नैवेद्य दाखवत होते. फक्त देवीशी बोलत नव्हते. शाळेच्या ग्रंथालयात आयुष्य गेल्यामुळे काही कळेनासं झालं की पुस्तकात पाहायची मला सवय. तसं मी पुष्कळ पाहिलं. सगळीकडे शांतपणे लिहिलेलं होतं आणि त्यातलं माझ्यासाठी काय आहे ते मला समजत नव्हतं.

दर मार्गशीर्षात आम्ही दोघं त्या गाडीवरून कुलदेवीला नारळ घेऊन जात असू. श्रीवर्धनहून दिवेआगरच्या अंगाला समुद्राकाठचा रस्ता, मग उजवीकडे वर डोंगरात. सासऱ्यांनी गाडी आणली त्या वर्षी बोललेला नवस होता तो, नारळ याच गाडीवरून नेण्याचा. ते गेले त्या वर्षी नारळ गेला नाही. वर्षश्राद्ध झालं, पाऊस सरला, मार्गशीर्ष लागला आणि मुंबईहून एका गृहस्थांचा फोन आला. त्यांना अशा जुन्या गाड्यांचा शौक होता आणि पंधरा दिवसांनंतरच्या रविवारी येऊन ते गाडी नेणार होते. मी होय म्हटलं. नंतर माझ्या लक्षात आलं की रविवारच्या आत नारळ गेला नाही तर तो कायमचाच थांबणार. देवीला मी अजून मानते की नाही, हेच मला ठाऊक नव्हतं. पण तो नारळ थांबू नये असं मात्र वाटत होतं. दोन्ही एकाच मनात कसं राहतं, ते मला सांगता येणार नाही.

माझी मुलगी चारू अलिबागला शिकवते. गाडी चालवायला ती वडिलांकडून शिकली, म्हणून तिला बोलावून घेतलं. तिने टाकीत पेट्रोल ओतलं आणि ते खालच्या कॉकमधून टपटप पडायला लागलं. या गाडीचा कॉक हल्लीसारखा फिरवायचा नाही. एक पितळी बोंड असतं, ओढलं की पेट्रोल सुरू, दाबलं की बंद. आत बुचाचा तुकडा असतो, तोच पेट्रोल अडवतो. मेकॅनिक पोरगेला होता. बोंड आतबाहेर करून म्हणाला, "बूच आकसलंय, मॅडम. असला कॉक मी बघितलेलाच न्हाय. नवीन मागवा." चारूने मुंबईहून नवीन मागवला, त्याचे आटे जुळेनात. दुसरा मागवला, तो मेकॅनिकने मध्ये एक जोड घालून बसवला. रात्रभर गळला नाही, म्हणून शनिवारी सकाळी आम्ही निघालो.

जुना कॉक चारू टाकून देणार होती. मी तो मागून घेतला. त्याचं बोंड त्यांच्या अंगठ्याने झिजून गुळगुळीत झालं होतं. त्यांच्या हातातलं काहीतरी देवीसमोर जावं म्हणून मी तो फडक्यात गुंडाळून नारळ आणि खणाच्या पिशवीत ठेवला.

अर्ध्या वाटेवर पेट्रोलचा वास आला. चारूने गाडी थांबवली. धक्क्यांनी तो जोड सैल झाला होता आणि तापलेल्या इंजिनाशेजारी पेट्रोलची धार लागली होती. मेकॅनिकला फोन केला, तो म्हणाला जेवून येतो. आम्ही उन्हात उभ्या होतो. समोरच्या नारळीच्या वाडीतून माझ्याच वयाच्या एक बाई डोक्यावरचा पदर सावरत बाहेर आल्या.

"बायांनो, उन्हात काय करताव? आत या की."

"पेट्रोल गळतंय, मावशी," चारू म्हणाली. "घरात कुणी विडी ओढणारं नाही ना?"

"एकच होता. तो कबरस्तानात हाय. या तुम्ही निवांत."

चारू चमकली. मला मात्र वर्षात पहिल्यांदा हसू आलं, आणि हसले म्हणून लाजही वाटली. त्यांचं नाव हलिमाबी. मुलगा कुवेतला, सून माहेरी. त्यांनी पेट्रोल उतरवायला कॅन दिला, गाडीकडे पाहून "ही कुणाच्या आजाची?" म्हणून विचारलं आणि पिशवीतला नारळ दिसताच म्हणाल्या, "देवीला चाललाव? मग आमच्या भांड्यातलं आज काय देत न्हाय, मासळीचं घर हाय. शहाळं देते. त्याला भांडं लागत न्हाय."

शहाळं पिताना माझ्या लक्षात आलं की पिशवीलाच पेट्रोलचा वास येतोय. जुन्या कॉकचा वास खणाला आणि नारळाला लागला होता. असला नारळ देवीपुढे कसा ठेवायचा? मला एकदम रडू आलं. खरं तर नारळासाठी रडावं असं काही नव्हतं. हलिमाबींनी फडक्यातला कॉक हुंगून पाहिला. न्हाणीच्या चुलाण्यावरच्या हंड्यातलं कढत पाणी तपेलीत घेतलं, चुलीपासून लांब, विहिरीजवळच्या दगडावर ठेवलं आणि म्हणाल्या, "टाका ते यात. वास जाईल." मी कॉक पाण्यात सोडला. पाणी निवलं तसं त्यांनी पुन्हा कढत घातलं, वर ताटली झाकली आणि नमाजाला गेल्या. मी नारळ धुऊन उन्हात ठेवला. चारू रस्त्याकडे बघत बसली. मेकॅनिक काही आला नाही.

उन्हं कलली तेव्हा मी कॉक काढून कोरडा पुसला. सहज बोंड दाबायला गेले, तर ते जाईना. सकाळी सैल हलणारं बोंड आता अंगठ्याला जोर लावून दाबावं लागत होतं. त्यांना मी रोज असाच जोर लावताना बघत होते. मी चारूला हाक मारली. तिने कॉक हातात घेतला, बोंड दोनदा आतबाहेर केलं आणि म्हणाली, "आई, बूच फुगलंय."

तिने गाडीतल्या पान्याने नवा काढून जुना कॉक पुन्हा बसवला, कॅनमधलं पेट्रोल टाकीत ओतलं. आम्ही तिघी वाकून खाली बघत राहिलो. एक थेंब पडला नाही. हलिमाबी म्हणाल्या, "बघताव काय? जा आता, देवीला तिष्ठत ठेवताव काय?"

देवळात पोचलो तेव्हा गुरव दिवाबत्ती करत होता. चारूने ओटी भरली. मी नारळ पुढे केला, तो त्याने हातात घेतला, नाकाशी नेला आणि वळून माझ्याकडे पाहिलं.

"यंदापण नारळाला पेट्रोलचा वास! दादा कॉक बंद करून तसाच हात लावायचे. मी दरवर्षी देवीला सांगतो, तुझं श्रीवर्धनचं माणूस आलं."

एवढा धुऊनही वास गेलेला नव्हता. गुरवाने नारळ देवीपुढे ठेवला. मग मी देवीशी बोलले. काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. पुष्कळसं भांडणच होतं.

रात्री घरी येऊन मी त्या मुंबईच्या गृहस्थांना फोन केला आणि गाडी देत नाही म्हणून क्षमा मागितली. चारू म्हणते, कोरडं बूच पाण्यात फुगणारच, त्यात नवल नाही. तिचं खरं आहे. पण ते दिव्यापायी सुकलं आणि देवीचा नारळ बाटू नये म्हणून भिजलं, आणि भिजवलं हलिमाबींच्या पाण्याने. यातलं कुणी काय केलं ते मी जुळवायला बसते आणि पुन्हा गोंधळते. मी तर गाडी दुरुस्त करायला गेलेच नव्हते. वास घालवायला गेले होते, तोही गेला नाही. आपल्या हाती काय आहे हे कळलं नाही तरी हात पुढे करावा, एवढंच मला त्या दिवशी शिकता आलं. हलिमाबींकडे मी अधूनमधून जाते. देवघरात बसते तेव्हा बोलते.

दिवा आता देवघरात असतो. गाडी पडवीत आहे. टाकी भरलेली आहे. कॉक गळत नाही.