भावजींचं खेळाचं टेबल

पुण्यात वस्तू पारखून घेणाऱ्यांची वाण नाही, पण माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याने, म्हणजे आमच्या भावजींनी, पारखण्याला जी उंची दिली तिथवर या शहरात दुसरं कोणी पोचलं असेल असं मला वाटत नाही. पंखा घ्यायचा तर ते दुकानात पंखा लावून त्याखाली अर्धा तास डोळे मिटून बसायचे. घरात फ्रीज यायला इतका काळ गेला, की ज्या जागेसाठी तो बघायला सुरुवात झाली होती त्या जागेत मधल्या काळात कपाट येऊन जुनं झालं होतं. एकदा मार्केट यार्डात ते एकेक कलिंगड उचलून, कानाशी धरून, बोटाने ठोकून बघत होते. अकरावं कलिंगड झाल्यावर व्यापारी म्हणाला, "काका, दार वाजवताय का? आत कोणी राहत नाही." भावजींनी शांतपणे बारावं उचललं. ताईला बघायलासुद्धा ते चार वेळा आले होते. चौथ्या खेपेला पोह्यांची बशी पुढे करत ताईनेच विचारलं, "अहो, अजून काही मोजायचं राहिलंय का?" त्यावर भावजी लाजून म्हणाले, "नाही, पसंती पहिल्याच दिवशी झाली होती. खात्री करत होतो."

यात त्यांचा दोष नव्हता, धंद्याचा होता. हडपसरच्या एका कारखान्यात ते टूलरूममध्ये होते. साचे आणि मोजमापाची अवजारं बनवायचं काम. केसाच्या जाडीचा दहावा हिस्सा इकडचा तिकडे झाला तरी तुकडा भंगारात. पंचवीस वर्षं असं काम केलेल्या माणसाला 'साधारण बरं' ही गोष्ट समजत नाही. शर्टाच्या खिशात पेनाशेजारी त्यांचं व्हर्निअर असायचं, आणि ताईच्या पोळीची जाडी ते अधूनमधून मोजायचेही. ताई म्हणायची, "मोजा. पण आकडा मनात ठेवा."

पुढे देशाची दारं उघडली, बाहेरून तयार साचे यायला लागले आणि कारखान्याने टूलरूम बंद करून सगळ्यांना स्वेच्छानिवृत्ती दिली. जमीन विकली गेली. तिथे काचेची मोठी इमारत उभी राहिली, आणि योगायोग असा की तिच्याच तिसऱ्या मजल्यावर एका सॉफ्टवेअर कंपनीत मला नोकरी लागली. भावजी एकदा माझं ऑफिस बघायला आले. खिडकीतून खाली बराच वेळ बघत उभे राहिले आणि म्हणाले, "तुझ्या खुर्चीच्या बरोबर खाली माझं लेथ होतं." त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. जागा अचूक सांगितल्याचं समाधानच जास्त होतं.

घरी बसलेल्या भावजींनी मग खेळाचं टेबल करायला घेतलं. त्याची गोष्ट अशी. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी दर शनिवारी ते दोघं कॅम्पातल्या एका हॉटेलात चहाला जायचे. तिथे एक काचेचं टेबल होतं. काचेखाली टीव्हीचा पडदा, समोरासमोर दोन दांडे आणि दोन बटणं. नाणं टाकलं की पडद्यावर वरून रंगीत किडे उतरायचे आणि खालून गोळ्या झाडून त्यांना मारायचं. भावजी नेम धरेपर्यंत किडा त्यांच्या विमानावर येऊन बसलेला असायचा. ताई मात्र एरवी भाजीवालीशी घासाघीस करायलाही लाजणारी, पण त्या टेबलाशी बसली की तिच्या बांगड्या नुसत्या खुळखुळत असायच्या. काठापदराची साडी नेसलेली ही नवी नवरी एकाच नाण्यात इतका वेळ टिकायची की वेटर ट्रे घेऊन मागे उभे राहायचे. पुढे ते टेबल गेलं, मग हॉटेलही गेलं. आता हातात वेळ होता, तेव्हा तसंच टेबल घरी करायचं आणि ताईला पुन्हा त्याच्याशी बसलेली बघायचं, एवढीच भावजींची इच्छा होती.

टेबलाला एक वर्ष लागलं. सागवान, कडा गोलाई दिलेल्या, एकही खिळा दिसत नाही असे सांधे. दांडे त्यांनी जुन्या बाजारात सहा रविवार धुंडाळून मिळवले आणि आतल्या स्प्रिंगा स्वतः वळल्या. उंची ठरवण्यासाठी ते ताईला रोज दुपारी टेबलाशी बसवायचे. पडदा अजून काळा, आत काहीच नाही. तरी ताई दांडा हलवायची, तोंडाने 'फट् फट्' करायची आणि म्हणायची, "अहो, तुम्ही मेलात." भावजी गंभीरपणे वहीत लिहायचे : उजवा कोपर, अर्धा इंच वर हवा.

राहिला कॉम्प्युटर. तो माझा विषय, म्हणून ते माझ्याकडे आले. समोर दोनशे पानी वही, त्यात रकाने आखलेले : आवाज, उष्णता, वजन, दुरुस्ती. "अगं, कोणता घेऊ सांग."

आता खरं सांगायचं तर तो खेळ इतका जुना होता की आमच्या ऑफिसने टाकून दिलेला कुठलाही डबा त्याला पुरला असता. हे मला त्याच क्षणी सांगता आलं असतं. पण मला नुकती बढती मिळाली होती, आणि आयुष्यात पहिल्यांदाच भावजी मला काही विचारत होते. मी त्यांना तासभर प्रोसेसर, मेमरी आणि ग्राफिक्स कार्ड ऐकवलं आणि शेवटी एखाद्या तज्ज्ञासारखी म्हणाले, "भावजी, आत्ता घेऊ नका. दिवाळीनंतर नवीन येतोय. थांबा."

साहेबाने सांगावं तसं त्यांनी ते ऐकलं. दिवाळीनंतर नवा आला तेव्हा मी सांगितलं की याची किंमत उतरेल, थांबा. उतरली तेव्हा सांगितलं की आता चपटे पडदे येताहेत, थांबा. भावजींनाही ते मानवणारं होतं. ते आनंदाने तपकीर गल्लीतल्या कॉम्प्युटरच्या दुकानांत जाऊन थर्मामीटर लावून कॉम्प्युटरचा ताप बघायचे, डब्याला कान लावून पंख्याची घरघर ऐकायचे. एक दुकानदार त्यांना म्हणालाही, "काका, कॉम्प्युटर बघताय की सून? सूनसुद्धा लोक एवढी बघत नाहीत." ही गोष्ट आम्ही घरी हसत हसत सांगायचो. ताईही हसायची. "माझं काय, मी बसलीये," म्हणायची.

मग कंपनीने मला परदेशात पाठवलं. तिथेही भावजींचे ई-मेल यायचे, शेजाऱ्यांच्या मुलीकडून टाइप करून घेतलेले. 'सौ. मजेत. पंखा मागे असावा की बाजूला?' मला कामाची घाई असायची. मी एका ओळीत उत्तर द्यायचे की आल्यावर बघू.

दोन वर्षांनी परत आले, तेव्हा दार ताईने उघडलं आणि माझे हात हातात घेण्याऐवजी मनगटांनी मला जवळ घेतलं. तिची बोटं सुजून वाकडी झाली होती. आमवात. सकाळी तासभर मूठ उघडत नाही, कपाची दांडी धरवत नाही. मला कोणीच कळवलं नव्हतं. "तिकडे तुला कशाला काळजी," ती म्हणाली. टेबल हॉलमध्ये होतं, चादर घातलेलं. भावजी चहा टाकायला आत गेले होते. त्या चहाचं माप त्यांना अजून जमलेलं नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी मी ऑफिसच्या अडगळीतला एक जुना कॉम्प्युटर मागून घेतला, रिक्षात घालून त्यांच्याकडे नेला आणि टेबलाच्या पोटात बसवला. पाऊण तासात खेळ सुरू झाला. तेच रंगीत किडे, तोच किरकिरा आवाज. भावजी पडद्याकडे बघत राहिले. मग त्यांनी ताईला खुर्ची ओढून दिली. तिने एका तळव्यात दांडा धरला, दुसऱ्या हाताचं बोट बटणावर ठेवलं. बोट दाबलं जाईना. एका मिनिटात तिची तिन्ही विमानं गेली.

"एवढंच?" ती म्हणाली, आणि हसली. "पण रंग अगदी तेच आहेत हो."

दुसऱ्या दिवसापासून भावजी कामाला लागले. त्यांनी मोठा गोल दांडा केला, तळहाताने दाबता येईल असं बटण केलं, मग शिवणयंत्राला असतो तसा पायटा केला, म्हणजे गोळ्या पायाने झाडता येतील. ताई रोज संध्याकाळी एक डाव खेळते, त्यांच्या समाधानासाठी. भावजी मुद्दाम हरतात आणि तिला ते कळतं. एकदा ती चिडून म्हणाली, "नीट खेळा हो. मला कीव नकोय." त्या दिवशी त्यांनी नीट खेळून तिला हरवलं, आणि मग गॅलरीत जाऊन उभे राहिले.

मी तिथे त्यांच्याशेजारी जाऊन उभी राहिले. म्हटलं, "भावजी, मी पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. कुठलाही कॉम्प्युटर चालला असता." त्यांना आधी नीट कळलं नाही. मग कळलं. मला वाटलं रागावतील. ते म्हणाले, "तू मला 'थांबा' म्हणाली नसतीस तरी मी बघतच बसलो असतो. माझ्या हातात एवढी वर्षं मापाचं काम होतं ना. तिचे हात मात्र मी कधी बघितले नाहीत."



मागच्या महिन्यात ताईच्या पायांवर सूज चढली, म्हणून तिच्यासाठी मऊ पट्ट्यांच्या चपला घ्यायला मी आणि भावजी हडपसर गावातल्या एका दुकानात गेलो. दुकानदाराने पहिला जोड काढून काउंटरवर ठेवला. भावजींनी आत हात घालून तळ एकदा दाबून बघितला आणि म्हणाले, "बांधा."

दुकानदारालाच चुकल्यासारखं झालं. "काका, अजून चार प्रकार आहेत. बघून तर घ्या."

"नको," भावजी म्हणाले. "ती घरी वाट बघतीये."

ते पिशवी घेऊन पायऱ्या उतरले आणि बस स्टॉपच्या दिशेने इतक्या झपझप निघाले, की मला जवळजवळ पळतच त्यांना गाठावं लागलं.