गिरणीतलं पापनिवेदन

वैजापूरच्या कापसाच्या जिनिंगमध्ये यंत्रांच्या खडखडाटात उभी हयात काढली, त्यात माझे कान गेले. कानांचं दुःख एक वेळ गिळलं असतं, पण त्यांच्यापायी देव दुरावला. बहिऱ्या माणसाला आपला आवाज किती चढलाय ते कळत नाही. एकदा चर्चमध्ये आपली पापं कबूल करायला पापनिवेदनाला बसलो आणि साडूला घातलेल्या शिव्या फादरांना अगदी हळू सांगितल्या, असं मला वाटलं. मागं रांगेत साडूच उभा! बायका पदरात तोंड घालून हसल्या. त्या दिवसापासून मी पापनिवेदन सोडलं, मग पापं तशीच मनात ठेवून मिस्साच्या उपासनेत ख्रिस्तशरीराची भाकर घ्यायला कोणत्या तोंडानं जाणार? दर रविवारी सगळे उठून वेदीकडं जायचे अन् मी बाकावर बसून राहायचो. लोक म्हणायचे, माणूस तऱ्हेवाईक झालाय. माझ्या जिवाची काय तगमग व्हायची ते मलाच ठाऊक.

मग लेकीचं लग्न ठरलं. "बाबा, लग्नाच्या मिस्साला तरी माझ्यासंगं कम्युनियन घ्या," ती माझ्या कानाशी ओरडली आणि रडायला लागली. तोवर साडूच्या शिव्यांपेक्षा लई जड गोष्ट मनावर साचली होती. ती इथं सांगत नाही.

लग्नाच्या आदल्या दिवशी चर्चमध्ये गेलो. पापनिवेदनाला पाहुण्यांची रांग लागलेली. मी फादरांना म्हटलं, सगळ्यांना एकदमच क्षमा देऊन टाका, त्यात माझंही भागेल. ते माझ्या कानाशी तोंड आणून मोठ्यानं म्हणाले, "ते बुडत्या नावेतल्या माणसांसाठी असतं, एकेकाचं ऐकायला वेळच नसतो तेव्हा. त्यातून वाचलेल्यानंही नंतर एकट्यानं यायचंच असतं. मी इथं बसलोय ना, मग तुला गर्दीत कसा ढकलू?" लिहून दे म्हणाले, पण मला सहीपलीकडं कुठं काय येतं! राग आला. राहू द्या म्हणून निघालो, तर त्यांनी माझा दंड धरला आणि समोरच्या पिठाच्या गिरणीत नेलं.

गिरणीवाले चाचा सकाळपासून लाइटीची वाट बघत बसलेले. फादर त्यांच्याशी काहीतरी बोलत होते, तेवढ्यात पट्टा फिरायला लागला. लाइट तेव्हाच का आली, हे मी कधी कुणाला विचारलं नाही. चाचांनी दळणाच्या बायकांना बाहेर काढलं आणि स्वतः दारात आमच्याकडं पाठ करून उभे राहिले. गिरणीची थरथर माझ्या तळपायांना जाणवत होती; या घरघरीत माझा आवाज दारापलीकडं जाणार नव्हता. फादरांच्या कानाशी तोंड नेलं आणि सगळं सांगितलं. मधेच रडलो. त्यांनी घाई केली नाही.

शेवटी त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्यांचे शब्द मला ऐकू आले नाहीत. पण सगळ्यांना मिळून क्षमा दिली असती, तर ती कधी झाली हेही मला कळलं नसतं. हा हात कळला. ज्या नियमावर मी चिडलो होतो, त्यानंच मला गर्दीतून एकट्याला बोलावून घेतलं होतं. क्षमा कशी हवी ते मी घरूनच ठरवून आलो होतो. तो हट्ट सुटला तेव्हा ती मिळाली. प्रभूचे, फादरांचे आणि चाचांचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

दुसऱ्या दिवशी मिस्साला मी बाकावरून उठलो. बायकोनं डोळे पुसत मला वाट दिली. लेक वेदीपाशी वळून बघत होती. फादरांनी ख्रिस्तशरीर पुढं केलं आणि मी अगदी हळू 'आमेन' म्हणालो. रस्त्यापर्यंत ऐकू गेलं म्हणे.