न चढलेला जिना

ऑफिसात तिला सगळे ‘दुर्बीण’ म्हणत. हिशेब तपासणाऱ्याला याहून मोठी शाबासकी कुठली? पण त्या वर्षी दोन सहकारी नोकरी सोडून गेले आणि त्यांचंही काम तिच्याच गळ्यात पडलं. ज्या कामात ती रमायची, तेच नकोसं झालं. कारकुनांवर ती खेकसू लागली. घरी नवऱ्याने भाजी आणली तरी पावती मागायची.

“अगं, मी नवरा आहे, कंपनी नाही,” तो म्हणायचा. एरवी ती खळखळून हसली असती.

अशात एका कापडाच्या गोदामाची तपासणी आली. खालच्या मजल्यावरचे तागे तिने पाहिले. मग जिन्याकडे नजर गेली आणि टेबलावर साचलेल्या फायली आठवल्या. वर न जाताच ‘प्रत्यक्ष पाहिले’ असं लिहून ती बाहेर पडली.

दुसऱ्या दिवशी तिच्या वरिष्ठ मॅडमनी बोलावलं.

“वरचा माल कसा होता?”

“व्यवस्थित.”

“गोदामवाल्यांचा फोन आला होता. वरची किल्ली तुला द्यायची राहिली, म्हणून माफी मागत होते.”

तिचं तोंड एवढंसं झालं. “चुकलं माझं, मॅडम. मला... मला झेपतच नाहीये हो.”

मॅडमनी तिचा अहवाल बाजूला सारला. “खोटं लिहिलंस, ते मी पोटात घालणार नाही. तपासणी पुन्हा होईल. पण तिघांचं ओझं एकटीवर टाकलं ते मीच. बोलली का नाहीस?”

“दुर्बीण म्हणतात ना सगळे. कुठल्या तोंडाने सांगू?”

मॅडमनी निम्म्या फायली स्वतःकडे घेतल्या आणि तिला रजेवर धाडलं. सुरुवातीला ती नुसती झोपली. मग एके सकाळी नवऱ्याच्या कुठल्याशा फालतू विनोदावर तिला हसू फुटलं, तेव्हा त्याचेच डोळे भरून आले.

रजेनंतर दोघी मिळून गोदामात गेल्या. वरचे बरेच तागे ओलीने कुजले होते. तसं अहवालात लिहिलं गेलं.

“तुम्ही मला काढून टाकलं असतं, तरी कोणी नावं ठेवली नसती,” उतरताना ती म्हणाली.

“आणि या गुडघ्यांनी हा जिना मी एकटीने चढायचा?” मॅडम कण्हत म्हणाल्या.

ती अजून तिथेच आहे. नव्याने आलेल्यांना ही गोष्ट स्वतःच सांगते, काही न लपवता. मॅडमचा विषय आला की तेवढ्यापुरती थांबते, पाण्याचा घोट घेते आणि पुढे सांगू लागते.